टार्गेटेड थेरपीचं पुरळ: पहिल्या गोळीच्या आधीपासून घ्यायची काळजी

आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीत ईजीएफआर जनुकातला बदल सापडला आणि डॉक्टरांनी किमोऐवजी टार्गेटेड थेरपीची, म्हणजे नेमक्या त्या बदलावरच नेम धरणारी, रोज एक गोळी लिहून दिली. आम्हाला हायसं वाटलं. सलाइन नाही, भरती व्हायचं नाही, घरच्या घरी उपचार. नवव्या दिवशी सकाळी चहा देताना तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल पुटकुळ्या दिसल्या. बाराव्या दिवसापर्यंत कपाळ, गाल, हनुवटी आणि छातीचा वरचा भाग भरून गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोळी गरम पडली गं हिला, आधी बंद कर." मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावली. दोन दिवस चेहरा निवळला आणि आठवड्याभरात आधीपेक्षा वाईट झाला. पाठीवरचं आणि डोक्यातलं पुरळ तर आईने दाखवलंच नव्हतं. वॉर्डात कुणीतरी तिला सांगितलं होतं, "पुरळ आलं म्हणजे गोळी लागू पडली." डॉक्टरांनी हे पाहिलं तर ते गोळी बंद करतील, या भीतीने ती खाज सोसत राहिली.

गोळी बंद करायला निघणं, भलतंच मलम लावणं आणि त्रास लपवणं, या तीन चुका आमच्या घरात पंधरा दिवसांत झाल्या. तिन्ही टाळता आल्या असत्या, कारण हे पुरळ अचानक येत नाही. ते साधारण कधी येणार, कुठे येणार आणि कसं वाढणार हे आधीच ठाऊक असतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथे औषधांची नावं आहेत ती तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, स्वतःच्या मनाने आणून घेण्यासाठी नव्हे.

हे कुणाला होतं, आणि का

हा लेख ईजीएफआर रोखणाऱ्या औषधांबद्दल आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या गेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफाटिनिब आणि ओसिमर्टिनिब या गोळ्या त्यात येतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दिली जाणारी सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही इंजेक्शनंही त्याच गटातली. सेटुक्सिमॅब तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगातही देतात. अफाटिनिब आणि ही दोन इंजेक्शनं त्वचेला जास्त त्रास देतात, ओसिमर्टिनिबचा त्रास सहसा सौम्य असतो.

ईजीएफआर हे पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आहे, पेशीला वाढीचा निरोप देणारं. कर्करोगाच्या पेशीत हा निरोप अखंड चालू राहतो आणि औषध तो तोडतं. पण हेच प्रथिन निरोगी त्वचेच्या तळच्या थरात, केसांच्या मुळांशी आणि तेलग्रंथींतही असतं. तिथलं काम अडलं की त्वचा पातळ आणि कोरडी पडते, केसांच्या मुळांभोवती सूज येते आणि पुटकुळ्या उठतात. तेलग्रंथी जिथे दाट, म्हणजे चेहरा, डोकं, छातीचा आणि पाठीचा वरचा भाग, तिथेच हे पुरळ येतं. तळहात आणि तळपाय त्यातून सुटतात.

ही ॲलर्जी नाही, "उष्णता बाहेर पडणं" नाही आणि संसर्गजन्य तर मुळीच नाही. नातवंडांनी आजीजवळ बसायला, तिच्या कुशीत झोपायला काहीच हरकत नाही. आमच्याकडे एका पाहुण्यांनी कांजिण्या समजून मुलांना दूर बसवलं. त्या दिवशी आईचा चेहरा जेवढा पडला, तेवढा पुरळाने कधी पडला नव्हता. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

हे तारुण्यातले मुरूमही नाहीत, फक्त दिसायला तसे दिसतात. मुरमांत काळी-पांढरी टोकं असतात, इथे नसतात. मुरमांची त्वचा तेलकट असते, इथे ती आतून कोरडी पडत असते. त्यामुळे बेन्झॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक ॲसिड किंवा ॲडापलिन असलेली मुरमांची क्रीमं आणि फेसवॉश लावले की आधीच सोललेली त्वचा आणखी सोलली जाते. जाहिराती पाहून केलेल्या खरेदीतली सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

पहिली गोळी घेण्याआधी

पुरळ बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसू लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. मोठ्या रुग्णालयात गोळी सुरू झाली की पुढची तारीख बऱ्याचदा महिन्याने मिळते. म्हणजे ज्या दिवसांत डॉक्टर हवेत, नेमकं त्याच दिवसांत आपण गावी, घरी असतो. परभणीहून किंवा सावंतवाडीहून मुंबईला उपचारांसाठी येणाऱ्यांची अडचण तर आणखी मोठी. म्हणून गोळीचं पाकीट हातात पडलं की ओपीडीतून निघण्याआधी दोन गोष्टी मिळवाच.

पहिली, त्वचेच्या औषधांची चिठ्ठी. डॉक्टरांना सरळ विचारा, "पुरळ येऊ नये म्हणून आत्तापासूनच काही सुरू करायचं का?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, त्यामागे अभ्यास आहे. अमेरिकेत पॅनिटुमुमॅब घेणाऱ्या ९५ रुग्णांचे दोन गट करून पाहिलं गेलं आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड क्रीम आणि डॉक्सिसायक्लिन या जंतुनाशकाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटाला त्रास झाल्यावरच औषध दिलं. सहा आठवड्यांत मध्यम किंवा तीव्र त्रास पहिल्या गटात २९ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात ६२ टक्क्यांना. साधनं जवळपास तीच होती, फरक सुरुवात कधी केली याचा होता. प्रत्येक रुग्णाला डॉक्सिसायक्लिन चालतंच असं नाही (गरोदरपणात देत नाहीत, टेट्रासायक्लिन गटाची ॲलर्जी असेल तरी नाही), त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच. पण विचारायचं आपणच.

दुसरी, फोन नंबर. वॉर्डातल्या सिस्टरचा, डे-केअरचा, रुग्णालयाच्या हेल्पलाइनचा, कुठलाही चालेल, पण दुपारी चारनंतर आणि रविवारी तिथे फोन उचलला जातो का ते विचारून घ्या. शक्य असल्यास गावाजवळचा एखादा त्वचारोगतज्ज्ञही आधीच गाठून ठेवा. त्याला उपचारांची फाइल आणि गोळीचं पाकीट दाखवा. "कसली तरी कॅन्सरची गोळी" एवढ्यावर त्याला काम करता येत नाही.

घरी आल्यावर दिवसाउजेडी रुग्णाच्या चेहऱ्याचा, छातीचा, पाठीचा आणि हातापायांच्या नखांचा फोटो काढून ठेवा. पुढे "आधी कसं होतं" हे कुणालाच नीट आठवत नाही.

रोजची आंघोळ आणि त्यानंतरची तीन मिनिटं

आपल्याकडे आंघोळ म्हणजे कढत पाणी आणि खसखसून साबण. ती सवय मोडावी लागते. पाणी कोमट हवं, मनगटावर ओतलं तर ना गरम ना गार वाटणारं. दहा मिनिटांत आंघोळ उरकायची. घासणी, दगड, लूफा सगळं बाजूला ठेवायचं. नेहमीच्या वासाच्या साबणाऐवजी बिनवासाचा सौम्य क्लेन्झर किंवा कोरड्या त्वचेसाठी मिळणारी साबणविरहित वडी घ्या, आणि तीही काख, जांघ, पाय एवढ्यापुरतीच. बोअरिंगचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेतले तरी त्वचेचा ताठरपणा कमी जाणवतो, हा आमचा अनुभव.

अंग टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. त्वचा किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. बिनवासाचं, अल्कोहोल नसलेलं, घट्टसर क्रीम. किंमत बघून गुण ठरवू नका. साध्या पांढऱ्या पॅराफिनचं किंवा ग्लिसरीनचं क्रीम चालतं, फक्त ते दिवसातून दोनदा आणि भरपूर लागलं पाहिजे. केसांच्या दिशेने, वरून खाली हळुवार पसरायचं. उलट चोळलं तर केसांच्या मुळांशी क्रीम साचतं आणि तिथेच नवी पुटकुळी उठते. याच कारणाने पुरळ असलेल्या चेहऱ्यावर आणि छातीवर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा जाड थर नको. कोरड्या पोटऱ्यांवर, टाचांवर मात्र दोन्ही चालतात.

ऊन

ऊन लागलं की हे पुरळ भडकतं आणि मागे काळे डाग ठेवून जातं. सावळ्या त्वचेवर हे डाग महिनोन्‌महिने राहतात. डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर त्वचा उन्हाला आणखी हळवी होते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात हे सांगावं लागत नाही, पण मुंबईच्या पावसाळी ढगांतूनही अतिनील किरणं येतात आणि खिडकीच्या काचेतूनही त्यांतली काही आत येतात. बसच्या प्रवासात सावलीच्या बाजूची सीट धरा.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असावं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सहसा कमी झोंबतं. प्रमाण असं: तर्जनी आणि मधलं बोट यांवर लांबीभर काढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. बाहेर पडण्याच्या वीस मिनिटं आधी लावायचं आणि बाहेरच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सनस्क्रीन रोज परवडत नसेल तर छत्री, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि सकाळी दहा ते दुपारी चार घरात राहणं, एवढ्यानेही मोठा बचाव होतो. शेतावर जाणाऱ्यांनी वेळ बदलावी, काम थांबवायलाच हवं असं नाही.

चुलीची, गॅसची धगही लागते. आईला पोळ्या करताना चेहऱ्याची आग व्हायची. ती पोळ्या सोडायला तयार नव्हती, तेव्हा आम्ही कणीक मळणं आणि लाटणं तिच्याकडे ठेवलं, भाजणं मी घेतलं.

पुरळ उठलं: आधी मोजा, मग फोन करा

"खूप आलंय" असं फोनवर सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण एक टक्का. असे किती तळहात जागा व्यापली आहे ते मोजा. दहापेक्षा कमी असेल तर सौम्य, दहा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. पण नुसती जागा मोजून भागत नाही. खाजेने झोप मोडते का, आंघोळ करताना किंवा कपडे घालताना दुखतं का, माणूस बाहेर पडायचं टाळतो का, हेही सांगा. पाच तळहात पुरळ असून रात्रभर जागणारा रुग्ण सौम्य गटात बसत नाही. पाठ आणि डोकं दुसऱ्याने तपासायचं, केस भांग पाडून पाडून. तिथलंच पुरळ लपतं, आणि लपवलंही जातं.

सौम्य पुरळावर डॉक्टर सहसा एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड क्रीम आणि क्लिन्डामायसिन या जंतुनाशकाचं जेल किंवा लोशन देतात. मध्यम असेल तर त्यात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही आठवडे, अशी भर पडते. या गोळीत जंतुनाशक गुण आहेच, पण इथे तिचा मुख्य उपयोग सूज कमी करण्यासाठी होतो, कारण सुरुवातीच्या पुटकुळ्यांतल्या पुवात बहुधा जंतू नसतात. तीव्र असेल तर थोड्या दिवसांसाठी पोटातून स्टेरॉइड, आणि कर्करोगाची गोळी काही काळ थांबवणं. मधुमेह असलेल्यांनी स्टेरॉइडच्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासावी, ती हमखास वर जाते.

क्रीम किती लावायचं याचंही माप आहे. तर्जनीच्या टोकाच्या एका पेरावर काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आधी औषधी क्रीम, ते जिरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी मॉइश्चरायझर, आणि दिवसा त्यावर सनस्क्रीन. डोक्यात क्रीम नको, केस चिकटतात आणि खपल्या धरतात. तिथे लोशन मागून घ्या. धरलेल्या खपल्या ओढून काढू नयेत. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती फडकं भिजवून दहा मिनिटं ठेवलं की त्या आपोआप सुटतात.

डॉक्सिसायक्लिन घेण्याची पद्धत दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्यायची, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यात घेऊन झोपलं तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. दूध, दही, ताक, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांच्यासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही, मध्ये दोन-तीन तासांचं अंतर हवं. रात्री जेवण झाल्यावर ताक प्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तेच ताक दुपारी घ्या.

आणि एक सापळा. या गोळीने जळजळ झाली की आपण मनानेच ॲसिडिटीची गोळी किंवा गुलाबी पातळ औषध घेतो. ते पातळ औषध डॉक्सिसायक्लिनला अडवतं. पँटोप्राझोलसारखी पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी तर गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब यांचं शोषणच कमी करू शकते. पुरळाच्या औषधाचा त्रास शमवायला गेलो आणि कर्करोगाचं औषध कमी पोचलं, असा उलटा हिशोब होतो. जळजळ झाली तरी आधी फोन.

दुकानातली ट्यूब आणि स्वयंपाकघरातले उपाय

मी आणलेल्या ट्यूबवर नंतर भिंग घेऊन वाचलं. त्यात क्लोबेटासॉल होतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. अशी तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब आपल्याकडे खाज, गजकर्ण, पुरळ, सगळ्याला दिली जाते. क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर ते लावलं की लाली झटकन उतरते, म्हणून माणूस फसतो. थांबवलं की लाली जोराने परत येते, त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन वाचलंत तर डॉक्टरांनी जागा आणि दिवस ठरवून दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

हळद, बेसन, लिंबू, मुलतानी माती, कडुलिंबाचा लेप, उटणं. यांतलं प्रत्येक कुणी ना कुणी प्रेमानेच सुचवतं, आणि प्रेमाने सुचवणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. पण लिंबू झोंबतं आणि उन्हात डाग पाडतं, बेसन आणि माती वाळताना त्वचा ओढून घेतात, उटण्याचे कण घासतात. दिवाळीची पहिली आंघोळ तेवढी उटण्याशिवाय करा. होळीचे रंग नकोत. केसांचा कलप नको, डोक्यात पुरळ असताना तर अजिबात नको. पोटातून घ्यायचे काढे, "रक्तशुद्धी"ची चूर्णं, यांचा कर्करोगाच्या गोळ्यांशी काय मेळ बसेल हे घरी कुणालाच सांगता येत नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावले तरी चालतील.

बायकांच्या बाबतीत दोन छोट्या गोष्टी कुणी बोलत नाही. टिकलीचा गोंद सुजलेल्या कपाळावर चिघळतो आणि काढताना सालही निघते. मंगळसूत्र आणि साखळी छातीवरच्या पुरळावर दिवसभर घासत राहते. आईने मंगळसूत्र काढायला नकार दिला. तेव्हा आम्ही ते मऊ सुती पट्टीत गुंडाळून ब्लाउजच्या वर राहील असं बांधलं. टिकलीऐवजी काही दिवस मोकळं कपाळ, हे तिने स्वतःच ठरवलं. "आरशात मीच मला ओळखत नाही, टिकली काय नि नाही काय," असं ती म्हणाली होती. या वाक्यावर मी काय उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, हे अजूनही मला सुचलेलं नाही. पण अशा वेळी तिला समजावत न बसता शांतपणे क्रीम लावून देणं तिला आवडायचं.

पुरुषांनी दाढी वाढवून पुरळ झाकू नये, खाली खपल्या साचतात. आंघोळीनंतर, फेस भरपूर लावून, केसांच्या दिशेने, नव्या पात्याने किंवा इलेक्ट्रिक मशीनने दाढी करावी. तुरटी आणि आफ्टरशेव्ह बंद.

लगेच रुग्णालय गाठायचं ते कधी

रात्र असो, सण असो, पुढचं काही दिसलं की वाट पाहू नका. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, विशेषतः सोबत किमोही चालू असेल तर. त्वचेवर पाण्याचे मोठे फोड किंवा सालं निघणं. पुरळासोबत तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी जखमा. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं. दम लागणं किंवा नव्याने कोरडा खोकला. हा शेवटचा त्रास त्वचेचा नाही, पण याच गोळ्यांनी क्वचित फुप्फुसाला सूज येते, म्हणून इथे लिहिला.

एक-दोन दिवसांत दाखवायचं ते: पिवळ्या मधासारख्या खपल्या, पू वाहणं, पुरळ एकाच बाजूला गरम आणि ठणकणारं होणं. आता जंतुसंसर्ग झाला असू शकतो. शक्य असेल तर नवं जंतुनाशक सुरू करण्याआधी पुवाचा नमुना तपासणीला द्यायला सांगा. डोळे लाल, चुरचुरणारे किंवा अंधुक झाले तर नेत्रतज्ज्ञ, आणि त्यांनाही गोळीचं नाव सांगा.

"पुरळ आलं म्हणजे गोळी लागू पडली"

हे ऐकीव वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच धोकादायक आहे. सेटुक्सिमॅब, एर्लोटिनिब अशा औषधांत पुरळ उठलेल्यांमध्ये उपचारांचा परिणाम सरासरीने चांगला दिसला आहे. पण ही अनेक रुग्णांची मिळून दिसलेली गोष्ट आहे. तुमच्या माणसाच्या गाठीचं काय चाललंय ते स्कॅनच सांगतो. पुरळ नाही म्हणून हिरमुसू नका, आणि पुरळ म्हणजे शुभशकुन समजून ते सोसतही राहू नका. पुरळावर उपचार केल्याने कर्करोगावरचं औषध कमजोर होत नाही. हे आईला डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं तेव्हा कुठे तिने पाठ दाखवली.

आणि गोळी बंद करण्याबद्दल. त्रास तीव्र झाला तर डॉक्टर स्वतःच ती काही दिवस थांबवतात, पुरळ उतरलं की त्याच किंवा कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. एर्लोटिनिब १५० वरून १०० मिलिग्रॅमवर, ओसिमर्टिनिब ८० वरून ४० वर, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. मात्रा कमी केली म्हणजे उपचार हरले असं नाही. घरी मनाने दिवसाआड गोळी घेणं, अर्धी मोडून घेणं मात्र वेगळं. त्यात डॉक्टरांना वाटतं रुग्ण पूर्ण मात्रा घेतो आहे, आणि पुढचा स्कॅन बिघडला तर ते चुकीचा अर्थ काढतात. गोळी चुकली असेल, चुकवली असेल, तर तारखेसकट सांगा.

दीड-दोन महिन्यांनंतर

पुटकुळ्या ओसरतात आणि आपण सुटलो असं वाटतं. तेव्हा कोरडेपणा सुरू होतो. पोटऱ्यांना खवले, अंगाला खाज, बोटांच्या टोकांना आणि टाचांना भेगा. भेग दिसायला केसाएवढी, पण तिने शर्टाचं बटण लावता येत नाही, पोळीचा घास मोडता येत नाही. टाचांना युरिया असलेलं क्रीम, भेगांवर रात्री व्हॅसलीनचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर आणि वरून सुती मोजे, हातांना सुती हातमोजे. उघड्या भेगेला युरिया झोंबतं, ती भरल्यावर लावा. भांडी आणि धुणं शक्यतो दुसऱ्याने करावं. करायचंच असेल तर आत सुती, वर रबरी हातमोजे. खाजेने रात्री जाग येत असेल तर डॉक्टर गोळी देतात, ती मागायला संकोचू नका.

मग नखं. नखाच्या कडेचं मांस लाल होऊन सुजतं, पुढे तिथे मऊ, जरा धक्का लागला की रक्त येणारा गोळा वाढतो. पायाच्या अंगठ्याला बऱ्याचदा आधी. याला घरी नखुरडं म्हणून फोडायला जाऊ नका. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका, नखाकडेची साल काढू नका. पुढून मोकळी चप्पल किंवा रुंद बूट घाला. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटं बोट बुडवून ठेवायला बरेच डॉक्टर सांगतात. झोंबलं तर पाणी वाढवा. गोळा वाढलाच तर त्वचारोगतज्ज्ञ तो सिल्व्हर नायट्रेटने जाळतात. मधुमेह असेल तर पायाचं नख सुजल्याच्या पहिल्याच दिवशी दाखवा.

पापण्यांचे केस लांब आणि वेडेवाकडे वाढतात, क्वचित आत वळून बुबुळाला टोचतात. ते घरी उपटू नका, नेत्रतज्ज्ञाकडून कापून घ्या. डोक्याचे केस चरबरीत होतात. गालांवर बारीक लव येते, ती धाग्याने काढली तर पुरळ पुन्हा चाळवतं.

तुमच्या माणसाची गोळी सोराफेनिब, रेगोराफेनिब किंवा सुनिटिनिब असेल तर चित्र उलटं आहे. तिथे तळहात आणि तळपायच सापडतात, जिथे दाब पडतो तिथे घट्टे आणि दुखणारे फोड येतात. उपचारांआधीच पायाचे जुने घट्टे काढून घेणं, मऊ तळाची चप्पल, युरियाचं क्रीम आणि पहिले काही आठवडे लांब चालणं टाळणं, हे त्यातलं मुख्य. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीचं पुरळ आणखी वेगळं. तिथे प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटलेली असते, त्यामुळे वरचं काहीही परस्पर लागू करू नका.

पुरळ ओसरल्यावर राहिलेले काळसर डाग हे व्रण नव्हेत. ते हळूहळू फिकट होतात, काहींना वर्षही लागतं. त्यांवर गोरेपणाची क्रीमं लावली तर त्वचा पुन्हा चिडते. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर तेवढं चालू ठेवायचं, गोळी चालू असेपर्यंत, चेहरा स्वच्छ दिसत असला तरीही.